पेपर मस्त गेला!

माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला माझ्याकडून फार अपेक्षा राहणार नाहीत. नववीची परीक्षा संपली त्याच दिवशी मी माझी सगळी पुस्तकं शेजारच्या बेबीला देऊन टाकली. निकाल लागायचा होता, पण मला कशाला हवा होता निकाल? पेपर तर मस्त गेले होते.

बेबी माझ्या एक वर्ग मागे, आठवी संपवून नववीत जाणारी. नागपूरपलीकडच्या आमच्या सौंसरात तेव्हा कोरी पुस्तकं क्वचितच कोणी घ्यायचं. वरच्या वर्गातल्या मुलीची पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलीकडे जायची, पण ती निकाल लागल्यावर. मला दम नव्हता. मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं, ‘मन लावून अभ्यास कर. अवघड काहीच नाही. तुझी शालूताई.’ गणिताच्या पुस्तकात तर त्याखाली दोन रेघा मारल्या.

निकालात मी गणित, विज्ञान आणि इंग्रजीत नापास. सप्लीमेंट्रीच्या फेरपरीक्षेचीही सोय नाही, सरळ तेच वर्ष पुन्हा. जुलैत शाळा उघडली तेव्हा माझ्या बाकावर, माझ्या शेजारी, बेबी बसलेली. समोर माझंच गणित उघडलेलं. तिसऱ्या धड्यापुढची पानं अजून करकरीत होती. बेबी मनाची सरळ. तिनं पहिल्या पानावर बोट ठेवून मला विचारलं, “ताई, तूनंच लिवलं ना अवघड काहीच नाही म्हणून? मंग तू इथं कशी?”

हे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं. आता मी आजी आहे. मागच्या वर्षी माझ्या नातीला डॉक्टरांनी एडीएचडी असल्याचं सांगितलं. सून रडत बसली आणि मला हसू फुटलं. तिला वाटलं, म्हातारीचं काही खरं नाही. मग मी तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, लिहून काढा, माझ्यासारख्या आणखी असतील. म्हणून लिहिते आहे.

*मी खोटं बोलत नव्हते*

आजार म्हटलं की लोकांना अंथरूण आठवतं. माझ्या आजारात अंथरुणावर मी सोडून सगळं सापडायचं. आईनं मला पीठ दळून आणायला पाठवलं की मी गिरणीत डबा ठेवून बाजार पाहून यायची आणि डबा तिथंच. गरम तव्याला हात, शाळेत एका पायात दुसऱ्याच जोडाची चप्पल. पण हे सगळं आईनं ‘पोट्टी धांदरट आहे’ या खात्यात टाकलं होतं. तिला जाळत होतं ते वेगळंच.

“कसा गेला पेपर?”

“मस्त!”

मी हे तोंड वर करून म्हणायची आणि महिन्यानं शंभरातले अठरा घेऊन यायची. आई मारायची ती अठरा पडले म्हणून नाही, खोटं बोलले म्हणून. आणि मला रडू यायचं, कारण मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखर मस्त वाटलेलं असायचं.

पेपरात काय व्हायचं ते सांगते. पहिला प्रश्न मी जीव ओतून लिहायची, समासात नक्षीसकट. दुसऱ्या प्रश्नाला खिडकीबाहेर शिपाई दिसायचा, मग त्याची सायकल, मग माझ्या मनात सायकल घेऊन मोहगावपर्यंत जाऊन येणं व्हायचं. परत येईपर्यंत घंटा. पण कागदावर जे होतं ते सुरेख होतं! मी त्याच्यावरून सगळ्या पेपराचा हिशेब लावायची. इतकी शहाणी होते मी.

हळूहळू घरात मला विचारणंच बंद झालं. पेपर संपला की बाबा थेट मास्तरांच्या घरी जायचे. आल्यावर चप्पल काढता काढता आईकडे बघून मान हलवायचे. मी मधे उभी असले तरी.

*डोळे तपासायला*

दुसऱ्यांदा नववी सुरू झाली आणि गणिताच्या सरांनी आईला बोलावलं. म्हणाले, फळ्यावरचं उतरवताना ही मधल्या ओळी गाळते, डोळे दाखवा एकदा. आई मला घेऊन बसनं नागपूरला गेली. बसमध्ये मला उलटी झाली आणि आईचं नवं पातळ गेलं. म्हणजे दिवसाची सुरुवात नेहमीसारखीच.

मोठ्या दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी मला सगळ्या ओळी वाचायला लावल्या, अगदी खालची बारीकसुद्धा. डोळे ठणठणीत. त्यांनी आईशी थोडं बोलून एक चिठ्ठी दिली आणि पलीकडच्या इमारतीत जायला सांगितलं. दारावरची पाटी आईनं वाचली, ‘मनोविकार विभाग’, आणि माझा हात धरून मागे फिरली.

“चाल व, रस्ता चुकला आपला.”

दारातल्या आयाबाईनं चिठ्ठी पाहिली. “नाही बाई, हेच आहे. बसा. घाबरू नका, इथं आमचे तहसीलदारसुद्धा येतात.”

आई बाकाच्या अगदी कडेला बसली, पदर कपाळापर्यंत ओढून. सौंसरचं कोणी दिसलं तर? मी मात्र बाकावरच्या प्रत्येकाची चौकशी करून आले.

*लाल पेन्सिल*

डॉक्टरबाई ठेंगण्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर फुटाण्यांचा डबा होता. त्यांनी आधी मला मूठभर फुटाणे दिले आणि मग अक्षरांनी भरलेला एक कागद. प्रत्येक ‘म’भोवती गोल कर म्हणाल्या. एवढंच? मी सपासप गोल मारले आणि पेन्सिल आपटून ठेवली.

“किती सुटले असतील?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

आईनं मान खाली घातली. माझे शंभर टक्के तिच्या ओळखीचे होते.

डॉक्टरबाईंनी लाल पेन्सिल दिली. “आता तूच तपास. एकेका ओळीखाली बोट धरून. मला घाई नाही.”

तिसऱ्या ओळीत एक ‘म’ मोकळा सापडला. मग आणखी दोन. मग खाली एक अख्खी ओळ, जिला माझी पेन्सिल लागलीच नव्हती. मी कागद उलटा करून पाहिला. म्हटलं, “ही ओळ मघाशी नव्हती.”

त्या हसल्या नाहीत. “खरंय. तुझ्यासाठी नव्हतीच.” मग आईकडे वळल्या. “हिला सुटलेलं दिसत नाही. केलेलं तेवढं दिसतं, आणि केलेलं चांगलं असतं. म्हणून हिला वाटतं, सगळंच चांगलं झालं.”

आईनं कागद हातात घेऊन ती ओळ पाहिली. मग म्हणाली, “म्हणजे माही पोरगी लबाड नाही?”

“नाही.”

“मी भल्ली मारली हो हिले,” आई म्हणाली, आणि तिथंच, त्या पाटीच्या आत, पदर-बिदर विसरून रडली. मला काय करावं सुचेना. मी तिला फुटाणे दिले.

डॉक्टरबाईंनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते आईनं सीताबर्डीच्या बसस्टॉपपर्यंतच लक्षात ठेवलं. मराठीत त्या म्हणाल्या, लक्ष न टिकण्याचा आजार. गोळ्याही दिल्या. गोळ्यांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. ते तुमच्या डॉक्टरला विचारा, आजीला नको.

शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, डोळे तपासायला चाललो. आता बिनचष्म्याचं परत कसं जाणार? आईनं सीताबर्डीवरच्या दुकानातून मला साध्या काचेचा चष्मा घेऊन दिला. पुढचं वर्षभर मी तो घालून फिरले. बेबी म्हणायची, “ताई, आता तू हुशार दिसून राहिली.” मलाही तसंच वाटायचं.

*हे कोनती बिमारी?*

बाबांची सौंसरच्या बाहेर संत्र्याची बाग होती. बोलायला मोजके, पण रागावले की बोलायला लागायचे.

“ताप नाही, खोकला नाही, चार पोळ्या खाते. हे कोनती बिमारी?”

“डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना,” आई म्हणाली.

“डॉक्टरीणबाईच्या घरी असन थे बिमारी. आपल्या घरी अभ्यास नाही, एवढंच हाय.”

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कमी झालं. दर महिन्याला नागपूरला जायचं म्हटलं की घरात भांड्यांचा आवाज वाढायचा. आजारी मी, आणि धुसफूस त्यांची. हे मला आज कळतं. तेव्हा मी दोघांच्या मधे बसून मजेत जेवायची.

मग पांढुर्ण्याहून एक स्थळ आलं. कापडाचं दुकान, एकुलता मुलगा, घाई नाही, दोन वर्षं थांबायला तयार. पण बोलणी आत्ता करू म्हणाले. मोठ्या गुरुजींनी आधीच बजावलं होतं की पुन्हा नापास झाली तर नाव कमी होईल, मग बाहेरून बसायला प्रायव्हेट फॉर्म भरा. बाबांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधून माझ्यासमोर ठेवल्या.

“पास झाली तं शीक. नाही झाली तं प्रायव्हेट-ब्रायव्हेट काही नाही, पांढुर्णावाल्यायले हो म्हनतो.”

यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, “मंजूर!” आणि उडी मारली. आई दाराला धरून उभी राहिली. अहो, मला वाटत होतं की आजार कळला म्हणजे तो गेला. आता गोळी आहे, चष्मा आहे, फर्स्ट डिव्हिजन कुठं जाते?

*दुसरं टोक*

तिमाही परीक्षेत गणितात मला बावीस पडले. गेल्या वर्षीच्या मानानं प्रगती होती. पण मी मनात पंच्याहत्तर धरले होते.

या वेळी मात्र काहीतरी मोडलं. आतापर्यंत मला आपली चूक दिसत नव्हती, आता चुकीशिवाय काही दिसेना. मराठीच्या बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला, तर मला वाटलं कीव करताहेत. पुस्तक उघडलं की मी ते लगेच मिटायची. पांढुर्ण्याचं ते दुकान मी पाहिलेलं होतं. त्याच्या गादीवर मी आयुष्यभर चिंध्या कापत बसलेली मला दिसायची. आणि खरं सांगते, आजाराचा आडोसाही छान होता. “मले बिमारी हाय,” म्हटलं की आई गृहपाठाचं विचारत नसे.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, “छमाहीत किती पडतील?”

“शून्य.”

“आधी शंभर म्हणायचीस, आता शून्य. दोन्ही वेळा मोजलंस का?”

मी फुटाण्यांच्या डब्याकडे बघत बसले. रागही आला. डॉक्टरनं गोळी द्यावी, असले प्रश्न का विचारावेत?

छमाहीच्या गणिताच्या पेपराला मी घरून निघाले, पण शाळेत गेले नाही. बागेत जाऊन एका झाडाखाली बसले. आमच्या संत्र्याच्या झाडाच्या पोटात बसलं की बाहेरून माणूस दिसत नाही.

*सडकेवरून*

मृगाच्या बहाराचं फळ झाडांवर भरलेलं होतं आणि नेमके त्याच दिवशी बाबा एका व्यापाऱ्याला घेऊन आले. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बाग विकतात. व्यापारी बाग फिरून पाहतो आणि नजरेनं सांगतो, इतका माल निघेल. मालक म्हणतो, नाही, याहून जास्त. मग घासाघीस.

व्यापारी मोटारसायकलवरून उतरलाही नाही. सडकेवरूनच एक आकडा सांगितला. बाबा चिडले. “अंदर येऊन पाहा ना भाऊ. बाहेरून काय पाहून राह्यले?” आणि त्याला दाखवायला म्हणून फांद्या बाजूला करून आत शिरले, ते माझ्याच झाडात.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. व्यापारी बाहेर थांबलेला, त्यामुळे बाबांना ओरडताही येईना. ते दात आवळून म्हणाले, “बसलीच हाय तं मोज. या डांगीवर किती हायेत?”

मी त्या फांदीवरची मोजली. त्यांनी अंदाजासाठी एक भरलेलं झाड घेतलं, एक मधलं, एक मरतुकडं, आणि तिन्ही मला आतून मोजायला लावली. भरलेलं झाड आतून अर्धं पोकळ निघालं. मरतुकड्याच्या पोटात मात्र भरपूर फळ, पानांआड लपलेलं. मला मजा वाटू लागली. त्या नादात मी आपण पेपर बुडवलाय हेही विसरले. (आजाराचे काही फायदेही असतात.)

घरी जाताना बाबांनी विचारलं, “पेपर काऊन सोडला?”

“मले काहीच येत नाही.”

“कायच्यावरून?”

थोडं पुढं गेल्यावर माझं मलाच हसू आलं. मी तरी कुठं आत शिरून पाहिलं होतं? आधी सडकेवरून बघून बाग भरलेली म्हणत होते, आता सडकेवरूनच बघून वाळलेली म्हणत होते. बाबांना हे सांगितलं नाही. ते कशावर हसते म्हणून रागावलेच होते.

*अंदाजाचा खेळ*

आईला मात्र सांगितलं. तिनं ते डॉक्टरबाईंना सांगितलं, आणि दोघींनी मिळून माझा जीव खाल्ला.

पद्धत अशी. थोडीच गणितं सोडवायची, खिडकीकडे पाठ करून. मग उत्तरं बघायच्या आधी सांगायचं, किती बरोबर असतील. त्यानंतर बोट धरून एकेक ओळ तपासायची. काय सुटलं, कोणतं चिन्ह गाळलं. आणि माझा अंदाज किती चुकला ते पाहायचं. मार्क कमी पडले तर आई काही म्हणायची नाही, फक्त अंदाज फार चुकला तर भांडी माझ्याकडे. सुरुवातीला मी पुष्कळ भांडी घासली. रडलेही. एकदा पुस्तक चुलीकडे फेकलं, तेही बेबीकडून मागून आणलेलं.

पण एक गंमत झाली. भूमितीत मी कायम कमी धरायची आणि जास्त निघायचे. म्हणजे मला भूमिती येत होती! पंधरा वर्षांच्या आयुष्यात ही बातमी मला कोणी दिली नव्हती, मी स्वतःसुद्धा नाही.

मग खेळ घरभर पसरला. बस कधी येईल, वरणाला मीठ पुरेल का, आईचं पापड लाटून कधी होईल. आई स्वतः कायम चुकायची. “झालंच माहं,” म्हणायची आणि दुपार उलटायची. मी तिला म्हटलं, “तुलेबी नागपूरले नेतो आता.” तिनं लाटणं उगारलं, पण हसत.

आणि बाबा! त्या व्यापाऱ्याला त्यांनी परत पाठवलं होतं, स्वतःच माल तोडून नागपूरच्या मंडीत नेतो म्हणून. तोडणी झाली तेव्हा पेट्या बाबांनी सांगितल्याहून बऱ्याच कमी भरल्या. त्यांनी तीन झाडं मोजली होती, पण नाल्याकडची ओळ तशीच राहिली होती, आणि तिथं फळ गळून गेलं होतं. बाबा रिकाम्या पेटीवर बसून राहिले. मी न राहवून म्हटलं, “बाबा, ते ओळ मघाशी नव्हती का?”

आईनं मला मागून चिमटा काढला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे. दवाखान्यातली ती गोष्ट आईनं त्यांना कधीतरी सांगितली असावी, कारण ते हळूच म्हणाले, “असंच होते का तुले?”

“हो.”

“दर वेळी?”

“हो.”

त्यानंतर महिन्याच्या खेपेला मला नागपूरला तेच घेऊन गेले. डॉक्टरबाईंसाठी संत्री नेली. पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, “घरचीच हायेत,” आणि बाकी सगळा वेळ गप्प बसून ऐकलं.

*जेमतेम*

वार्षिक परीक्षेच्या गणिताच्या पेपराला मी घंटा व्हायच्या आधी बोट धरून सगळं तपासलं. एक प्रश्न राहिलेला दिसला. तो घाईत अर्धा केला. आणखी एक येतच नव्हता, तो सोडला. सोडताना मला माहीत होतं की तो सोडलाय. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाबा शाळेबाहेर लुना घेऊन उभे होते. नेहमीसारखे मास्तरांकडे गेले नाहीत. विचारलं मात्र काहीच नाही. मीच लुनाच्या मागं बसता बसता म्हटलं, “एक सुटला, एक अर्धा झाला. भूमिती चांगली. पास होईन, पण जेमतेम.”

बाबांनी नुसतं “हं” केलं आणि गाडीला पायडल मारलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मला माझी खात्री होती, पण माझ्या खात्रीची मलाच खात्री नव्हती. पूर्वी निकालाआधी मी गाणी म्हणत हिंडायची, आता प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा काढून मार्क जोडत बसायची. आई देवापुढं काय काय बोलली ते तिलाच ठाऊक. घरात पांढुर्ण्याचा विषय कोणी काढत नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटायची.

निकालाच्या दिवशी बाबा आणि मी गेलो. गणितात छत्तीस. इंग्रजी आणि विज्ञानात त्याच्या आसपास, मराठीत मात्र भरपूर. थर्ड डिव्हिजन, पण पास. बेबी फर्स्ट आली. तिनं मला मिठी मारली आणि माझा चष्मा पडून फुटला. आम्ही दोघी खूप हसलो.

परत येताना बाबा लुना हातानं ढकलत चालले होते, पेट्रोल होतं तरी. मला पांढुर्ण्याचं विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. शेवटी म्हटलं, “बाबा, आता त्यायले नाही म्हनून कळवसान ना?”

बाबा चालतच राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू पेपराच्या दिवशी जेमतेम म्हनलं ना, त्याच दिवशी संध्याकाळी त्यायले नाही म्हनून सांगून आलो मी.”